चार मिनिटांचा सर्वोत्तम खेळाडू

आधीच सांगून ठेवते, मी शंभर शब्द बोलले तर त्यातले साठ खरे असतात आणि उरलेले चाळीस गोष्टीला शोभा यावी म्हणून. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. पण आता जे सांगते ते जवळजवळ सगळं खरं आहे, आणि नेमकं तेच कुणाला पटत नाही.

माझे जावई एका छोट्या कॉलेजात बास्केटबॉलचे कोच आहेत. छोटं म्हणजे किती छोटं, तर कोपऱ्यातून चेंडू मारायचा झाला की एक पाय व्हरांड्यात ठेवावा लागतो. एकदा पाहुण्या संघातला एक पोरगा जोरात पळत सुटला तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन थांबला, आणि तिथल्या मास्तरांनी त्याची हजेरी लावून त्याला तासाला बसवला. तो डाव आम्ही जिंकला.

जावई माणूस सरळ. फारच सरळ. माझी लेक सांगते, "लग्नाआधी मी ह्यांना विचारलं होतं, मी कशी दिसते? हे म्हणाले, ठीक दिसतेस, पण उजेड कमी आहे." अशा माणसाने कुणाचं कौतुक करायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. आणि यंदा त्यांच्यावर नेमकं तेच काम येऊन पडलं.

झालं असं. प्राचार्यांनी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, "हे बघा, तुमच्या बास्केटबॉलच्या हॉलकडे परीक्षा विभागाचा डोळा आहे. जुने पेपर ठेवायला जागा नाही. यंदा सन्मानांच्या यादीत आपल्या कॉलेजचं एक तरी नाव दिसलं, तर संघ राहील. नाही दिसलं, तर संघ बंद आणि तुम्ही प्रवेश अर्जांच्या खिडकीवर."

जावई घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. वीस वर्षं शिट्टी फुंकलेला माणूस. त्याला खिडकीत बसवून अर्ज तपासायला लावायचं म्हणजे माशाला टायपिंग शिकवण्यासारखं.

आता ही सन्मानांची यादी काय भानगड आहे ते सांगते. आसपासच्या आठ छोट्या कॉलेजांची मिळून एक स्पर्धा असते. हंगाम संपला की प्रत्येक कोचने आपल्या तीन खेळाडूंची नावं आणि माहिती फॉर्मवर लिहून पाठवायची. मग त्या फॉर्मांची पुस्तिका सगळ्या कोचांकडे येते, आणि ती बघून त्यांनी गुपचूप मतं द्यायची. पाच जणांची नावं क्रमाने लिहायची, पहिल्याला पाच गुण, शेवटच्याला एक. ज्याला सगळ्यात जास्त गुण तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, आणि पहिले पाच मिळून वर्षाचा संघ. अट एकच, स्वतःच्या पोराला मत द्यायचं नाही. वर्षाचा कोचही असाच निवडतात, पण तो सहा वर्षं एकच आहे. डोक्यावर कायम टोपी घालणारा, जावयांचा जुना दोस्त. तो मतदानाच्या आठवड्यात सगळ्यांना फोन करून त्यांच्या बायकामुलांची विचारपूस करतो. जावई कुणालाच फोन करत नाहीत.

फॉर्म भरायला बसलो, म्हणजे जावई बसले आणि मी शेजारी बसले. पहिलं नाव भिंगरीचं. हा आमचा खरा हिरा. इतका चपळ की एकदा त्याने चेंडू पुढे फेकला, स्वतःच पळत जाऊन झेलला आणि मागे वळून स्वतःलाच शाबासकी दिली. अख्ख्या स्पर्धेत सगळ्यात जास्त गुण त्याचे. त्याच्यासमोर जावयांनी लिहिलं, 'बरा खेळतो. झोपाळू आहे.'

मी म्हटलं, "जावईबापू, हे कौतुक आहे का तक्रार?"

"खरं आहे ते."

"दुसरा कोण?"

दुसरा एक उंच मुलगा होता. त्याच्यासमोर लिहिलं, 'उंच आहे.' आणि पेन खाली ठेवलं. तिसरं नाव काही सुचेना, कारण बाकीची पोरं परीक्षेच्या नादात अर्ध्या सामन्यांना आलीच नव्हती. चौदाच्या चौदा सामन्यांना हजर असा तिसरा एकच होता, गादी.

गादी म्हणजे आमच्या संघातला राखीव खेळाडू. अंगाने भरलेला, स्वभावाने गार. बाकावर असा मस्त बसायचा की पोरांनी नाव ठेवलं गादी. मी बाकाच्या मागच्याच रांगेत बसते, त्यामुळे आमची दोस्ती. अख्ख्या हंगामात त्याला चार मिनिटं खेळायला मिळाली, तीही भिंगरीच्या नाकातून रक्त आलं म्हणून. तेवढ्यात त्याने तीन फाऊल केले आणि परत येऊन माझ्याकडचे शेंगदाणे खाल्ले.

"ह्याचं तुम्ही लिहा आई," जावई म्हणाले. "पण खोटं एक अक्षर नको. तुमची सवय मला माहीत आहे."

मला राग आला. म्हटलं, ठीक आहे, एक अक्षर खोटं लिहिणार नाही. आणि लिहिलं, 'चौदाच्या चौदा सामन्यांत संघासोबत. याच्यामुळे संघ एकही सामना हरलेला नाही. याच्या हातातला चेंडू प्रतिस्पर्ध्याला एकदाही हिसकावता आला नाही. याला मैदानाबाहेर बसवलेलं पाहून समोरच्या कोचना कधीही चिंता वाटली नाही.'

जावयांनी तीनदा वाचलं. खोटं काहीच सापडेना. बिचाऱ्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी यादी आली. लेकीनेच आधी वाचली. ती दवाखान्यात नर्स आहे, तिला वाईट बातमी सांगायची सवय आहे, पण ही बातमी चांगली का वाईट तेच तिला कळेना.

"अहो," ती म्हणाली, "वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू आपला आहे."

"भिंगरी," जावई म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं. मी ते हसू बघून घेतलं, वर्षातून एकदाच येतं.

"नाही. गादी. पस्तीसपैकी पस्तीस गुण. भिंगरीचं नाव पाचांतसुद्धा नाही."

जावयांनी यादी उलटी धरून बघितली. मग सुलटी. मग म्हणाले, "छपाईची चूक."

चूक नव्हती. संध्याकाळी टोपीवाले कोच बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आले. तोंड असं, जसं कुणाच्या घरी समाचाराला आलेत.

"मावशी, पाणी द्या," मला म्हणाले. मग जावयांकडे वळले. "तू काही बोलायच्या आधी सांगतो. मला वाटलं मी एकटाच असं करतोय."

"काय केलंस?"

"अरे, माझा पोरगा पहिला यावा असं मला वाटणार ना? त्याला मी मत देऊ शकत नाही. मग निदान त्याच्या तोडीच्या कुणाला तरी पाच गुण कशाला देऊ? भिंगरीला पाच दिले की माझा पडला. म्हणून पहिल्या नंबरवर असा माणूस टाकला की ज्याला दुसरं कुणी काळं कुत्रंही मत देणार नाही. पाच गुण वाया गेले तरी चालतील म्हटलं."

"आणि?"

"आणि सातही जणांनी तेच केलं. सातही जणांनी पुस्तिका चाळली, आणि सातही जणांना एकच असा माणूस दिसला ज्याची कुणालाच भीती नाही."

माझ्या हातातलं भांडं हसून हसून हिंदकळलं. टोपीवाले म्हणाले, "मावशी, हसू नका. त्या लांबच्या कॉलेजचा कोच मला फोनवर विचारत होता, हा गादी दिसतो तरी कसा."

जावई उठले. "मी स्पर्धेच्या चिटणीसांना पत्र लिहितो. हा सन्मान खोटा आहे."

"लिही की," टोपीवाले म्हणाले. "मग तुझ्या कॉलेजचं नाव यादीतून जाईल. तुझ्या हॉलमध्ये जुने पेपर येतील. आणि तू खिडकीत बसून लोकांना फोटो दोन्ही बाजूंनी चिकटवा सांगशील."

जावई परत बसले. मला त्यांची दया आली. मी म्हटलं, "जावईबापू, पत्र लिहायचं तर लिहा. पण घाई काय आहे? सन्मानाचा दिवस होऊ दे."

"त्या दिवसाचीच तर भीती आहे आई," ते म्हणाले.

त्याचं कारण असं. त्या स्पर्धेची एक जुनी रीत आहे. सन्मानाच्या दिवशी आधी एक सामना होतो, वर्षाचा संघ विरुद्ध कोच. आठ कोचांतले पाच आत खेळतात, तीन बाहेर धापा टाकतात. दहा मिनिटं गंमत, मग चषक. म्हणजे सर्वोत्तम खेळाडूला सगळ्यांसमोर खेळून दाखवावं लागणार. आणि पहिल्या रांगेत आमचे प्राचार्य.

"त्याची काळजी सोड," टोपीवाले पुडा फोडत म्हणाले. "गादी उघडा पडला तर आमचं मतदान उघडं पडतं. आम्ही सातजण बघून घेतो. तू फक्त आडवा येऊ नकोस."

सन्मानाचा दिवस आला. दुसऱ्या एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मी मुद्दाम प्राचार्यांच्या शेजारी जागा धरली. लेक माझ्या दुसऱ्या बाजूला. भिंगरी आमच्या मागे, हनुवटी गुडघ्यावर टेकवून. मी त्याला म्हटलं, "राग आला का रे?"

"नाही आजी," तो म्हणाला. "गादीला सरळ चेंडू पकडता आला तरी मी टाळ्या वाजवीन."

गादी मैदानात आला. नवा कोरा शर्ट, छातीवर एक नंबर. बाक रिकामं दिसलं म्हणून सवयीने त्याच्याकडे निघाला, तर चिटणीसांनी हाताला धरून मधोमध नेऊन उभा केला.

शिट्टी झाली. आणि मग जे झालं ते मी माझ्या चाळीस टक्क्यांतही रचलं नसतं.

चेंडू गादीकडे आला. लांबच्या कॉलेजचा कोच त्याला अडवायला पुढे आला, गादीने नुसता श्वास घेतला, आणि तो कोच छाती धरून लोटांगण घालत बाजूला गेला. दुसरा आला. गादीचा चेंडू पायावर आपटून भलतीकडे गेला, तर त्या कोचने तो पळत जाऊन उचलला आणि अदबीने गादीच्या हातात आणून दिला. टोपीवाले तर कमालच. गादीने डावीकडे बघितलं, हे उजवीकडे पळाले. गादीने उजवीकडे बघितलं, हे बाहेर गेले आणि पाणी पिऊन आले. गादीने चेंडू टाकला तो जाळीच्या हातभर खाली. तिथे उभ्या असलेल्या पोट सुटलेल्या कोचने त्याला अडवतोय असं दाखवत खालून असा टोला दिला की चेंडू वर उडून थेट आत.

हॉल दणाणला. प्राचार्यांना बास्केटबॉलमधलं इतकंच कळतं की चेंडू गोल असतो. ते जागेवरून अर्धे उठले.

"आजी, काय दरारा आहे हो पोराचा," ते म्हणाले. "मोठे मोठे कोच पाचोळ्यासारखे उडतायत."

आता मला काय सुचलं बघा. मी त्यांच्याकडे वळून अगदी सगळं खरं सांगितलं. चार मिनिटं, तीन फाऊल, सात कोचांची सात मतं, सगळं. लेकीने माझा हात असा दाबला की बांगडी वाकली. पण माझं खरं कुणालाच पटत नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं.

प्राचार्य खळखळून हसले. "तुमची ख्याती ऐकून होतो आजी. पण इतकं बेमालूम रचता हे माहीत नव्हतं."

"मी सांगायचं काम केलं," मी म्हटलं. लेक कानात पुटपुटली, "आई, तू एक दिवस आम्हाला सगळ्यांना घेऊन बुडणार आहेस."

शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा बाहेर बसलेले जावई आत आले. बाकीच्या कोचांनी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. जावई जाळीखाली जाऊन उभे राहिले, पाय रोवून, हात पसरून. वीस वर्षं पोरांना शिकवलं तसे.

चेंडू गादीकडे आला. समोरचे चारही कोच टपाटप पडले, जणू कुणी खालचा गालिचा ओढला. वाट मोकळी. फक्त शेवटी जावई.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आडवं आलं तर गादी पडणार, प्राचार्यांच्या डोळ्यांवरची झापड उडणार, आणि हॉल जाणार. बाजूला झालं तर हॉल राहणार. नुसतं एक पाऊल डावीकडे टाकायचं. टोपीवाले जमिनीवरून कुजबुजले, आणि त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेत ऐकू गेली, "अरे, सरक ना बाबा."

जावई सरकले नाहीत. गादीने चेंडू उचलला, आणि जावयांनी तो हवेतच असा थोपटला की तो थेट प्राचार्यांच्या मांडीवर येऊन पडला.

गादी जावयांकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"सर," तो म्हणाला, "तुम्ही मला पहिल्यांदाच खेळाडू समजून अडवलंत."

जावयांचे कान लाल झाले, ते मला इतक्या लांबून दिसले. मग गादीने दोन्ही हातांनी पंचांना खूण केली, खेळाडू बदला म्हणून. ती खूण त्याच्याइतकी कुणालाच चांगली येत नाही. पंच म्हणाले, सर्वोत्तम खेळाडू बाहेर कसा जाईल? गादी म्हणाला, "मला बाहेरचाच अनुभव जास्त आहे," आणि येऊन भिंगरीच्या दंडाला धरून त्याला आत ढकलला.

उरलेल्या मिनिटांचं मी वर्णन करत नाही, कारण कितीही खरं सांगितलं तरी तुम्ही ते शोभेच्या खात्यात टाकाल. एवढंच सांगते, आता कोच जिवाच्या आकांताने अडवत होते, खरोखर अडवत होते, आणि भिंगरी त्यांच्यामधून असा जात होता जशी माशी खिडकीतून जाते. टोपीवाल्यांची टोपी पडली. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्हाला कळलं की त्यांना टक्कल आहे. सामना संपला तेव्हा पाचही कोच जमिनीवर होते, आणि या वेळी कुणी नाटक करत नव्हतं.

प्राचार्य चेंडू हातात घेऊन मैदानात उतरले. "हा मुलगा कुठल्या कॉलेजचा?" त्यांनी विचारलं.

"आपलाच," जावई म्हणाले.

"मग हा वर्षाच्या संघात का नव्हता?"

सात कोच सात दिशांना बघायला लागले. जावयांनी सांगितलं. एकेक करून, काही न लपवता, कुणालाही दोष न देता, अगदी मी सांगितलं होतं तस्संच. प्राचार्य हळूहळू माझ्याकडे वळले. मी पदर सारखा केला.

"तुमच्या सासूबाई," ते म्हणाले, "हेच म्हणत होत्या."

"मग ते खरं असणार नाही असं वाटणं साहजिक आहे," जावई म्हणाले. त्यांना विनोद येत नाही, ते खरंच तसं समजून बोलले.

चिटणीसांची तर पंचाईत. अख्ख्या हॉलसमोर मतदानाचे धिंडवडे निघालेले. त्यांनी चषक टेबलाखाली ठेवला आणि म्हणाले, "चषक अजून दिलेला नाही. सगळे कोच इथे आहेत. हात वर करून पुन्हा मत घेतो." सगळ्यांसमोर हात वर करायचा म्हटल्यावर कुणाची हुशारी चालणार? भिंगरीच्या नावावर सहा हात लगेच वर गेले. सातवा हात टोपीवाल्यांचा. एका हाताने ते टक्कल झाकत होते आणि दुसऱ्याने कंबर धरली होती. त्यांची बायको मागच्या रांगेतून म्हणाली, "अहो, टक्कल आता सगळ्यांनी बघितलंय. हात वर करा." त्यांनी केला.

प्राचार्यांनी जावयांना बाजूला घेतलं. मी अर्थातच मागोमाग गेले.

"तुम्हाला सरकायला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. "नुसतं एक पाऊल. मला काय कळणार होतं?"

"पोरांना मी वीस वर्षं सांगतोय, जाळीखालून हलायचं नाही," जावई म्हणाले. "मग मीच हललो तर त्यांना उद्या काय सांगू?"

प्राचार्य बराच वेळ चेंडू या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "जुने पेपर माझ्या ऑफिसात ठेवू. तसंही तिथे माझ्याकडे कुणी येत नाही."

परत येताना कॉलेजच्या गाडीत आम्ही सगळे. भिंगरी चषक मांडीवर घेऊन झोपी गेलेला. चषकावर आधीच गादीचं नाव कोरलेलं होतं, ते काही पुसता येईना. लेक पुढे ड्रायव्हरला रस्ता सांगत होती. गादी माझ्या शेजारी, खूश. म्हणत होता, "आजी, माझं नाव चषकावर आहे आणि खेळावं लागलं नाही. याच्याहून सुख काय?"

जावई मागे वळले.

"उद्या पहाटे पाचला हॉलवर ये," ते गादीला म्हणाले.

"मी? कशाला सर?"

"तुझा डावा हात कच्चा आहे. उजवा त्याहून कच्चा आहे. पळताना तू खाली बघतोस. पास देताना डोळे मिटतोस. मी इतके दिवस तुझ्याकडे बघितलंच नाही, ती माझी चूक. पुढच्या वर्षी तू दर सामन्यात खेळणार. रोज पहाटे पाच. रविवारीसुद्धा."

गादीचा चेहरा उतरत उतरत पार गुडघ्यापर्यंत आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्या कानाशी तोंड आणून हळूच विचारलं, "आजी, ते परीक्षा विभागाचे साहेब कुठे बसतात हो?"